वरून खालीं, खालून वर

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवें व्यसन जडवून घेऊं नये, असें वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. मलाहि तें पटत होतें. परंतु गेल्या दिवाळींत मला एक व्यसन जडलें, आणि तेंहि जगावेगळें. टेबलावरचा संगणक कारखानदारानें नेमून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें पळवावयाचा, हें तें व्यसन. ओव्हरक्लॉकिंग असें त्याचें भारदस्त नांव आहे. वर्डस्वर्थ आणि लँब शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या गृहस्थाला मेगाहर्ट्झशीं काय कर्तव्य, असें कोणीहि विचारील. माझ्या पत्नीनें तें पहिल्याच दिवशीं विचारलें.

याचें सारें श्रेय माझ्या भाच्याकडे जातें. दिवाळीच्या सुटींत तो आमच्याकडे आला, माझ्या पांच वर्षांच्या जुन्या संगणकासमोर बसला आणि एकाएकीं म्हणाला, "मामा, तुमच्या मेमरीवर ३२०० लिहिलंय, आणि ती चाललीय २१३३ नं !"

मध्यमवर्गीय माणसाच्या काळजाला याहून अचूक बाण लागणें शक्य नाहीं. शेराचे पैसे मोजून आपण पांच वर्षें पाऊण शेराहूनहि कमी दूध पीत होतों कीं काय ? भाच्यानें समजूत घातली. कोणत्याहि यंत्रांत बसविली तरी चालूं व्हावी म्हणून मेमरी प्रथम सर्वमान्य, सावध वेगानेंच उठते. तिचा जाहीर वेग तिच्यावरच एका इवल्याशा तक्त्यांत नोंदलेला असतो. बायोसमध्यें शिरून एक्सएमपी नांवाची सोय चालूं केल्यावांचून तो तक्ता कोणी अमलांत आणीत नाहीं. आम्ही ती सोय चालूं केली. १.२ व्होल्टचे १.३५ झाले, २१३३ चे ३२०० झाले, आणि मला न्याय मिळाला.

"मामा, हेसुद्धां ओव्हरक्लॉकिंगच बरं का," असें भाचा जातां जातां बोलून गेला. तें त्यानें बोलावयास नको होतें. हक्काचें पदरांत पडलें कीं माणसाला बिनहक्काचेंहि हवेंसें वाटूं लागतें.

प्रोसेसरचा वेग हा एक साधा गुणाकार आहे. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा ठेका धरतो, आणि प्रोसेसर त्याला आपल्या गुणकानें गुणतो. माझा गुणक ३६, म्हणून मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ. गुणक ४० केला कीं चार ! १९९८ सालीं इंटेलनें सेलेरॉन ३००ए नांवाचा स्वस्तांतला प्रोसेसर काढला होता. त्याचा गुणक साडेचारावर कुलूपबंद होता, पण लोकांनीं ठेकाच ६६ वरून १०० वर नेला, आणि ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० नें धांवूं लागला. त्या सालीं मी नुकताच नोकरीला लागलों होतों, आणि माझ्या कानांवर यांतलें अक्षरहि आलें नव्हतें. आतां तें वाचून मला हळहळ वाटूं लागली.

भाच्यानें दूरध्वनीवरून मला नियम घालून दिले होते. एका वेळीं एकच आंकडा बदलावयाचा, तो कागदावर उतरून ठेवावयाचा, यंत्राची परीक्षा घ्यावयाची, आणि मगच पुढें पाऊल टाकावयाचें. निबंधाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना हेंच सांगत असतों. म्हणूनच कीं काय, मी तें आठच दिवस पाळलें. नवव्या दिवशीं मी प्रोसेसरचा गुणक ४२ केला आणि त्याच बैठकींत मेमरी ३६०० वर नेली. पंखा फिरत होता, दिवा जळत होता, पडदा मात्र काळाठिक्कर ! माझे हातपाय गार पडले. "मामा, वीज काढा, मदरबोर्डवरची ती नाण्याएवढी बॅटरी काढा, पांच मिनिटं थांबा आणि परत बसवा," असा मंत्र फोनवरून आला. यंत्र केलेलें सारें विसरलें आणि पुन्हा पूर्ववत् झालें. माणसाच्या मेंदूला अशी एखादी बॅटरी असती तर किती कुटुंबें सुखी झालीं असतीं !

तरीहि मी थांबलों नाहीं. उष्णतेचा हिशेब मी शिकलों. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण विजेच्या दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत. दोन्ही दहा टक्क्यांनीं वाढविले तर उष्णता वाढते ती तेहतीस टक्क्यांनीं. जानेवारींत मी ४.१ गिगाहर्ट्झ आणि ३६०० या मुक्कामीं स्थिर झालों. तासभर परीक्षा घेतली, ती उतरली, आणि दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांतल्या चहाच्या वेळीं मी ही हकीगत तीन सहकाऱ्यांना ऐकविली.

मला मिळालें काय, हें मात्र त्यांना सांगितलें नाहीं. माझी मेमरी ३२०० वर असतांना मागितलेली वस्तु सोळा ठेक्यांनंतर हातीं देई. ३६०० वर अठरा ठेक्यांनंतर देऊं लागली. दोहोंचा गुणाकार-भागाकार केला तर प्रतीक्षा तेवढीच, दहा नॅनोसेकंद. तेवढ्या वेळांत प्रकाश तीन मीटर जातो, म्हणजे माझ्या टेबलापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. एकदां देऊं लागल्यावर ती थोडी भराभर देत असे, हें खरें. पण मी दोन बोटांनीं टंकलेखन करणारा माणूस !

एप्रिलमध्यें मी वडिलांच्या वह्या बाहेर काढल्या. ते मामलेदार कचेरींत कारकून होते. घरखर्चाच्या त्यांच्या वह्यांतून रोजच्या जमाखर्चाखालीं एकदोन ओळी असत: पाऊस, परीक्षा, कोणाचा ताप. पुठ्ठ्यांना वाळवी लागली होती. मी सहाशेंवर पानांचीं छायाचित्रें करून घेतलीं, त्यांची एक गठडी बांधून बहिणीकडे पाठविली, आणि वह्या रद्दींत देण्यासाठीं दाराशीं ठेवल्या. पत्नीनें त्या उचलून माळ्यावर टाकल्या. "राहूं द्या हो वर्षभर. तुमच्याजवळ खायला का मागताहेत त्या ?"

चार दिवसांनीं बहिणीचा फोन आला. "दादा, बाबांची कांहीं पानं अर्धींच दिसतात रे. माझ्या जन्मदिवसाचं पान मी मुद्दाम शोधलं. तेंहि खालीं सगळं राखी आहे."

त्या रात्रीं मी मेमटेस्ट लावला. पहाटे उठून पाहतों, तों पडद्यावर तांबड्या चार ओळी. जानेवारीच्या थंडींत तासाभरांत न दिसलेली चूक वैशाखाच्या उकाड्यांत, रात्रभराच्या ओझ्याखालीं उघडी पडली होती. कोठेंतरी एका शून्याचा एक झाला, कीं चित्राचें पुढचें सारें पान बिघडतें. सर्व्हरच्या मेमरींत चूक ओळखावयास जादा जागा राखलेल्या असतात. घरगुती मेमरींत त्या नसतात. आपण चुकलों हें तिला ठाऊकच नसतें. ती चुकीचें उत्तर बरोबर उत्तराइतक्याच वेगानें आणि तितक्याच आत्मविश्वासानें देते. काळा पडदा हा त्या मानानें प्रामाणिक म्हणावयाचा.

मी मेमरी ३२०० वर आणिली, प्रोसेसरला त्याच्या स्वतःच्या चालीवर सोडून दिलें, आणि दोन रात्री परीक्षा चालूं ठेविली. तांबडी ओळ आली नाहीं. मग माळ्यावरच्या वह्या काढून बिघडलेलीं सतरा पानें पुन्हा घेतलीं, आणि प्रत्येक पान मूळ पानाशीं ताडून पाहिलें. तसें पाहतांना बाबांची एक जुनी संवय आठवली. बेरीज ते एकदां वरून खालीं करीत आणि एकदां खालून वर. दोन्ही जुळल्या कीं आंकड्याखालीं दोन बारीक रेघा ओढीत. लहानपणीं मला त्या दिरंगाईचा राग येई.

बहिणीच्या जन्मदिवशींचें पान शेवटीं हातांत आलें. सुईणीला दिलेले पैसे, मग पेढे. आमच्याकडे मुलगी झाली कीं बर्फी वांटण्याची रीत, पेढे मुलाचे. बाबांनीं पेढे वांटले होते, हें आम्हां दोघां भावंडांना आजवर कोणी सांगितलें नव्हतें. त्याखालीं त्या दिवसाची बेरीज, आणि तिच्याखालीं दोन रेघा.

मी तें पान बहिणीला पाठविलें. पाठविण्यापूर्वीं दोनदां उघडून पाहिलें.