तितराची साद

तितर पहाटे बोलतो आणि बोलण्यापायीच फशी पडतो. कन्नड तालुक्यात डोंगराच्या कडेला ज्यांची शेती आहे, त्यांना हे सांगायला नको. रात्री चार-सहा तितरं ठेंगण्या काटेरी बाभळीवर नाहीतर बोरीवर बसतात. तोच त्यांचा रातथारा. तांबडं फुटायच्या वेळी नर ओरडू लागतो. हा बांध माझा, असंच जणू तो बजावतो. शेजारून दुसऱ्या नराची साद आली की गडी भांडायला धावतो.

शिकारीची सारी मेख इथंच आहे. फासेपारधी पाळलेला नर पिंजऱ्यात घालून अंधारातच रातथाऱ्याजवळ ठेवीत आणि भोवती बारीक, चिवट फासे मांडीत. पिंजऱ्यातला बोलला की रानातला धावून येई आणि पाय अडके.

माझ्या लहानपणी सुगीनंतर एक म्हातारे पारधी आमच्या शिवारात उतरत. त्यांना पिंजराही लागत नसे. ओठ मुडपून ते अशी साद घालीत की बोरीवरून लगेच उत्तर यायचं. एकदा फाशातली मादी त्यांनी सोडून दिली. मी विचारलं, "बाबा, सोडली का?" म्हणाले, "बाळा, हिला पिल्लं व्हायचीत. पुढल्या साली काय खायचं?" फाशात आलेली गाभण हरणी आणि पाडस सोडून द्यायची फासेपारध्यांची रीत होती, असं माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनीही लिहून ठेवलं आहे. आणि याच लोकांवर इंग्रजांनी कायद्यानं जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो पुसायला १९५२ साल उजाडलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज तितर धरणं गुन्हा आहे, आणि ते रास्तच आहे. पण ज्याचा धंदाच तो होता, त्याच्या हाती दुसरं काय दिलं, हे कुणी फारसं विचारलं नाही.

आता साद मोबाईलमध्ये आली आहे. मागल्या उन्हाळ्यात गावच्या दोन पोरांनी आमच्या बांधावर तो आवाज लावून एका सकाळी तीन नर धरले. यंत्राचा घसा बसत नाही, आणि कुणाला सोडायचं हेही त्याला कळत नाही. तितर जोडीनं राहणारा पक्षी, झुडपाखाली भुईवरच अंडी घालणारा. ऐन विणीत नर गेला की जोडी मोडते. पोरांना मी घरी बोलावून, चहा पाजून हे सांगितलं. तितर पेरलेलं बी टिपतो, खोटं कशाला बोलू? पण वाळवी आणि किडेही तोच वेचतो.

रात्रीची वीज असली की पाणी देऊन मी पहाटे परततो आणि येताना सादा मोजतो. परवा नाल्यापलीकडून दोन आल्या. बोरीवरून अजून एकही नाही.