धाकट्यांचे मैदान

गेल्या दिवाळीच्या पाडव्याची, २२ ऑक्टोबर २०२५ ची, ती संध्याकाळ. राजापेठेत फटाक्यांचा धडाका एवढा होता, की खोलीच्या खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. आत आमच्या धर्मग्रामातील सात-आठ मुले एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसली होती. मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफ. सी. गोवा आणि सौदी अरेबियाचा अल-नास्सर या क्लबांचा आशियाई स्पर्धेतील सामना चालू होता. रोनाल्डो गोव्याला येणार नाही हे आधीच कळले होते, म्हणून येतो म्हणालेल्यांपैकी निम्मी मुले फिरकलीच नाहीत.

अर्ध्या तासातच अल-नास्सरने दोन गोल केले. मध्यंतरापूर्वी गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिस या तरुणाने एक गोल परतवला, तेव्हा आमच्या खोलीतला गलका बाहेरच्या फटाक्यांना भारी ठरला. पण सामना संपला तो २-१ असाच. आधीचे दोन्ही सामने गोव्याने गमावलेलेच होते.

बारावीतला एक मुलगा मला म्हणाला, "फादर, हारनार हे तं पयलेच मालूम होतं. मंग कायले खेळतात हे?"

मी उत्तर देण्याआधीच कोपऱ्यातून त्याचा थोरला भाऊ बोलला, "कमीत कमी यायले खेळू तं देलं."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. परंतु ते वाक्य कोणासाठी होते हे मला समजले. त्याविषयी पुढे सांगतोच.

त्या रात्री मला माझा सेमिनरीतला गोवेकर सोबती आठवला. दुपारचे वर्ग संपले, की आम्ही सारे मैदानावर धावत असू. आमच्यापैकी पुष्कळांना चेंडू लाथाडण्यापलीकडे काही येत नसे. हा मात्र चेंडू पायाशी असा धरून ठेवी, जणू ओळखीचे मांजरच. तो अभिमानाने सांगे, की गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू १८८३ साली शिवोलीला आले आणि त्यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकवला, असे गोव्यात सांगतात. पुढे त्यांनी हडफडे येथे शाळाही काढली. पाहता पाहता गावोगावी हा खेळ रुजला.

गोवा केवढा, हे आपण वऱ्हाडातल्या मापाने मोजून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख, तर आपल्या एकट्या अमरावती जिल्ह्याची जवळपास एकोणतीस लाख. क्षेत्रफळात तर आपल्या जिल्ह्यात तीन गोवे मावतील. एवढ्याशा भूमीतल्या साळगांवकर क्लबने १९९८-९९ च्या हंगामात राष्ट्रीय लीग प्रथमच गोव्यात आणली. त्यानंतर २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचे अजिंक्यपद गोव्याबाहेर गेले नाही. चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स आणि एकदा साळगांवकर.

देशात जिंकणाऱ्याला आशियाचे दार उघडते, आणि तेथे थोरला क्षणात धाकटा होतो. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २००८ साली एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. तेथे लेबनॉनच्या सफा क्लबने त्यांना रोखले. २०२१ मध्ये एफ. सी. गोवा हा आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, साखळी फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गटातील सर्व सामने फातोर्ड्यालाच झाले, पण कोरोनामुळे प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या. घरचे अंगण, आणि घरचे माणूस एकही नाही! पहिल्या सामन्यात समोर होता कतारचा अल-रय्यान. त्याचे प्रशिक्षक होते लोराँ ब्लाँ, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातील खेळाडू. गोव्याने तो सामना ०-० असा बरोबरीत सोडवला. संयुक्त अरब अमिरातीच्या अल-वाहदाशीही तीच बरोबरी. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध तर एदू बेदियाने पहिला गोल केला. सामना अखेर १-२ असा गेला आणि परतीच्या सामन्यात चार गोलांनी पराभव झाला. सहा सामन्यांत विजय एकही नाही, बरोबरी तीन. तरीही चार संघांत गोवा तिसरा आला.

अर्थात बेदिया स्पेनचा, गोलरक्षक धीरज सिंह मणिपूरचा. आजचा क्लब म्हणजे केवळ गावची पोरे नव्हेत, हे मान्यच केले पाहिजे. पैसा आणि साधने यांत मात्र आखाती क्लबांशी त्याची तुलनाच होत नाही.

युरोपातही असे धाकटे आहेत. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांची लोकसंख्या आपल्या अचलपूर शहराच्या निम्मीच भरेल. तेथील क्लाक्सविक या मासेमारीच्या गावचा क्लब २०२३ साली हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोश या नामांकित क्लबला त्याच्याच मैदानावर ३-० असा हरवून आला आणि पुढे युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचणारा त्या बेटांचा पहिला क्लब ठरला. असा दिवस एकदा येतो. पण जे आधीची कित्येक वर्षे हरायला जात राहिले, त्यांच्याच वाट्याला तो येतो. आपल्या अमरावतीला हे नवे नाही. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला थेट जर्मनीला गेले होते. ही माणसे आपला आकार मोजत घरी बसली असती, तर?

आता ते वाक्य. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका आंतरधर्मग्राम स्पर्धेचे निमंत्रण आम्हांला आले होते. आमची पोरे चर्चमागच्या खडकाळ जागेत अनवाणी खेळत. नागपूरच्या संघांना बूट होते, प्रशिक्षक होते. मी परीक्षेचे निमित्त सांगून नकार कळवला. मुलांचा उत्साह मावळू नये म्हणून, असे मी त्या वेळी मनाला समजावले. खरे कारण वेगळे होते. आठ-दहा गोलांनी हरलेल्या संघाचा फादर म्हणून इतर धर्मगुरूंपुढे उभे राहण्याची मला लाज वाटत होती. त्या संघाचा कर्णधार होता हा थोरला भाऊ. पुढे तो एका कापडाच्या दुकानात कामाला लागला आणि पुन्हा खेळला नाही.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी त्याला थांबवून हे सारे सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमाले बी मालूमच होतं फादर, आपुन हारनार. पन पाहाचं होतं, कितीनं हारतो ते."

नाताळानंतर निमंत्रण पुन्हा आले. या वेळी मी त्याच दिवशी होकार कळवला आणि पोरांना शिकवशील का, असे त्याला विचारले. दोन दिवस त्याने उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान सुटल्यावर तो हवा भरायचा पंप घेऊन दारात उभा राहिला.

जानेवारीत आम्ही नागपूरला गेलो. पहिला सामना ५-० असा हरलो, दुसरा ३-१ असा. परतीच्या एस. टी.त रात्री उशिरापर्यंत कोणी झोपले नाही. पाच आणि तीन गोलांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. आपला तो एक गोल कसा झाला, हे प्रत्येक जण वेगवेगळे सांगत होता, आणि मागच्या बाकावरून थोरला भाऊ एकेकाची चूक दुरुस्त करीत होता.