सोलापुरातला समुद्र



सोलापूरसारख्या कोरड्या शहरात समुद्र घरी आणण्याची इच्छा तुम्हांला विचित्र वाटेल. १९५१ साली सुरू झालेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय मी शाळेच्या सहलीत पाहिले. तेथील काचेमागचे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश पन्नाशीपर्यंत माझ्या मनातून गेले नाहीत. अखेर एका माघात, आईच्या कूलरसाठी साठवलेल्या पैशांतून मी शंभर लिटरची टाकी घेतली. "कूलर पुढच्या वर्षी घेऊ," असे मी म्हणालो. आई काही बोलली नाही.

आठव्या दिवशी दोन मासे सोडले. चार दिवसांत दोन्ही मेले. पाणी तर नितळ दिसत होते! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू खडकावर, वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे सोडायचे नसतात, हे मला उशिरा कळले.

मग मी वही घेऊन बसलो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी एकदा भरायला साडेतीन किलो सागरी मीठ हवे. परंतु दर पंधरवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे, तर वर्षाला नऊ किलोंहून अधिक मीठ लागते. नळाचे पाणी चालत नाही, ते गाळून शुद्ध करावे लागते. जिवंत प्रवाळ मी हिशेबात धरलेच नाहीत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने खडक बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण दिले आहे. म्हणून खडक कृत्रिमच. शेवटची ओळ विजेची होती : पाणी गार ठेवणारे २०० वॅटचे यंत्र रोज दहा तास चालले, तर महिन्याला साठ युनिटे.

त्या ओळीवर पेन थांबले. शेजारच्या खोलीत आई पदराने वारा घेत होती. मी टाकी उपसून माळ्यावर ठेवली आणि चैत्रात कूलर आणला.

त्याच कूलरने वाट दाखवली. वाऱ्याने पाण्याची वाफ होते, तेव्हा उरलेले पाणी थंड होते; सोलापूरच्या कोरड्या हवेत तर अधिकच. कार्तिकात आईच्याच खोलीत टाकी पुन्हा मांडली आणि महागड्या यंत्राऐवजी पाण्यावर छोटा पंखा लावला. उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची. सहा आठवडे टाकीत फक्त खडक, वाळू आणि पाणी होते. "मासे कधी यायचे रे?" असे आई रोज विचारी. पुढच्या वैशाखात तापमापीचा पारा २८ अंशांच्या आसपास राहिला आणि दोन्ही मासे जगले.

मित्रहो, तुम्हीही संसार सांभाळून एखादी हौस, कदाचित हे शिक्षणच, जोपासत असाल. तिचा अंदाज मांडताना पहिल्या दिवसाच्या किमतीखाली वर्षाचा खर्च लिहा. त्याखाली आणखी एक ओळ मोकळी सोडा : हे पैसे घरात कोणाच्या वाट्याचे आहेत? माझ्या वहीत ती ओळ सर्वांत शेवटी आली. ती सर्वांत आधी यायला हवी होती.