ओलं पीस

कोरडं असताना ते हातात आहे की नाही, हे बोटांना कळत नाही; दिसतं म्हणून आहे म्हणायचं. जरा जोरात श्वास सोडला तर टेबलाच्या पार कडेला जाऊन बसतं.

मिझुरी राज्यात, ब्रॅन्सनला लेकीकडे गेले होते. शेजारचे आजोबा मासेमारीचे जिग घरीच बांधतात. जिग म्हणजे जेमतेम वाटाण्याएवढं शिशाचं डोकं असलेला गळ. वजन एक सोळांश औंस, म्हणजे दोन ग्रॅमही नाही. माझं माशांशी नातं बाजारापुरतं. पण दोरा दिसला की हात शिवशिवतात.

गळ लहानशा व्हाइसमध्ये आवळायचा. डोक्यामागे दोऱ्याचं टोक दाबून त्यावरच वेढे घेत गळाच्या वळणापर्यंत जायचं. मग माराबू पीस. आजोबा बोट जिभेला लावून पिसावरून फिरवत, म्हणजे तंतू मिटतात. माझ्यातलं सगळं सोवळं जागं झालं आणि मी वाटीत पाणी घेतलं. ते हसले. शेपूट गळाच्या दांड्याएवढंच ठेवा म्हणाले. लांब झालं की मासा टोक ओढून निघून जातो. पीस आणि दोरा एकाच चिमटीत धरायचे, पहिला वेढा सैल सोडायचा, मग हलकेच खाली ओढून आवळायचा.

त्या चिमटीत मला मामी भेटली. कोकणातली ओसरी, परातीत जाईच्या कळ्या, केळीच्या सोपटाचा ओला दोरा, आणि मी आवळला की टपकन तुटणारे देठ. ‘‘अगं, फुलाचा गळा दाबायचा नाही, नुसता धरायचा,’’ ती म्हणायची. पन्नास वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, बोटांनी ते ऐकलं. मामीचे गजरे देवीसाठी असत. हा कुणासाठी, ते बोलायला नको.

ही पिसं आता टर्कीची असतात, रंगवलेली. नाव मात्र आफ्रिकेतल्या माराबू करकोच्याचं, आणि त्याला ते मिळालं फकिरावरून. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे आसामातला हरगीला: हाडं गिळणारा, टकला, उकिरड्यावर ध्यान लावून उभा राहणारा. एकोणिसाव्या शतकात त्याच्या शेपटाखालची मऊ पिसं बंगालमधल्या कुमारखालीच्या नावानं विलायतेत विकली जात, मडमांच्या टोप्यांसाठी. इतक्या कुरूप पक्ष्यानं एवढं मऊ काही शेपटाखाली लपवून ठेवावं!

माझ्या पहिल्या जिगला मी हौसेनं भरपूर पीस बांधलं. आजोबांनी तो उलटसुलट पाहिला. ‘‘एवढ्यात तीन झाले असते.’’ मग त्यांनी आपला एक जिग पाण्याच्या ग्लासात सोडला. वर असताना कापसाच्या बोंडासारखा फुललेला तो, पाणी लागताच सगळा फुगारा टाकून देत, अंग चोरत, बारीक होत गेला आणि तळाशी पोहोचेपर्यंत कुणीतरी सडपातळ, सावध, डोळे उघडे ठेवून थांबलेलं तिथे होतं. पाणी निश्चल झालं. तरी त्याची शेपटी हलत होती.

जिवंत.

शेवटची गाठ घालताना दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली दडवून ओढायचा, वर थेंबभर नेलपॉलिश. लेकीची बाटली मी अर्धी संपवली.

चौथ्या दिवशी पहाटे टेनिकोमो तळ्यावर गेलो. टेनी काउंटी, मिझुरी. त्याचीच अक्षरं जोडून हे नाव झालंय. मला उगीचच एखाद्या जुन्या ऋषीचं वाटलं होतं. वरच्या अंगाला 1958 साली पूर्ण झालेलं टेबल रॉक धरण आहे. त्याच्या तळाचं गारठलेलं पाणी इथे येतं, म्हणून ट्राऊट इथे जगतात, आणि म्हणूनच भर उन्हाळ्यातही पाण्यावर धुक्याची साय धरते. त्या सायीत आजोबांनी माझा जिग टाकला. आवाजही आला नाही.

दोनदा दोरी थरथरली. लागलं काहीच नाही. आजोबांनी जिग वर काढून माझ्या तळहातावर ठेवला: शेपूट लांब झालं होतं.