‘डॉक्टर, मी सी टाइप आहे’

गेल्या महिन्यात तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. नोकरी पुण्याकडे एका कंपनीत, सुट्टीला गावी औंधला आलेला. दोन महिने झोप नीट नाही, छातीत जळजळ, बीपी १५०/९६. तपासणी झाल्यावर त्याने मोबाइलवर एक रिपोर्ट पुढे केला. मला वाटलं कोलेस्टेरॉलचा असेल. निघाला ‘पर्सनॅलिटी टेस्ट’चा. कंपनीने सगळ्या टीमची टेस्ट करून घेतली होती.

“डॉक्टर, मी सी टाइप आहे आणि आमचे साहेब डी. सगळे म्हणतात, तुमचं जमणारच नाही. यावर काही गोळी आहे का?”

गोळी नाही, कारण हा आजारच नाही. पण ही टेस्ट म्हणजे काय, हे त्याला समजावताना लक्षात आलं की आता बँकेत, शाळेत, कारखान्यात बऱ्याच जणांच्या हातात असे रिपोर्ट पडतायत. म्हणून इथेही लिहितो.

‘डिस्क’ नावाच्या या टेस्टमध्ये माणसांचे चार ढोबळ स्वभाव धरतात. डी म्हणजे झटपट निर्णय घेणारा, आय म्हणजे बोलका, एस म्हणजे शांत, सांभाळून घेणारा आणि सी म्हणजे काटेकोर. मूळ कल्पना विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ सालच्या पुस्तकातली. (‘वंडर वुमन’ हे कॉमिकमधलं पात्रही याच गृहस्थांचं!) दुसरी गाजलेली टेस्ट मायर्स-ब्रिग्ज. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंगच्या विचारांवरून तयार केली. तिच्यात सोळा प्रकार आहेत.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. ही तपासणी रक्तातल्या साखरेसारखी नाही. प्रश्नांची उत्तरं तुम्हीच देता, त्यामुळे तुम्ही स्वतःला कसे समजता एवढंच ती दाखवते. मायर्स-ब्रिग्ज काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. रक्तगट आज बी आणि पुढच्या महिन्यात ओ आला तर आपण ती लॅब बदलू. खरं तर बहुतेक माणसं मधोमधच असतात. टेस्ट मध्ये रेघ मारते आणि थोडं इकडचं-तिकडचं झालं की माणूस दुसऱ्या खान्यात जातो. संशोधक ज्या पाच गुणांच्या मोजपट्टीवर जास्त विश्वास ठेवतात, तिच्यात असे खानेच नाहीत. उंची-वजनासारखं कमी-जास्त असतं.

मग रिपोर्ट वाचून ‘अगदी माझंच वर्णन!’ असं का वाटतं? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची अशीच एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा स्वभाव’ म्हणून कागद दिला. तो किती जुळतो याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळलं, सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. रविवारचं राशिभविष्य वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

म्हणजे सगळं थोतांड? माझं मत तसंच होतं. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या एका कार्यशाळेत माझी ही टेस्ट झाली, डी आला. दवाखान्यात येऊन मी तो किस्सा हसत सांगितला. कुणीच हसलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांची गोष्ट. सत्तरीच्या एक आजी, जुना मधुमेह, मुलाकडे मुंबईला राहून परत आलेल्या. बाहेर तीस-चाळीस पेशंट. मी साखर पाहिली, ग्लिमेपिराइडची गोळी लिहिली, पुढचा नंबर. आमच्या सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, “सर, एक मिनिट...” मी वर न बघता “नंतर” म्हणालो. ते नंतर आलंच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आजींना घामाघूम, असंबद्ध बडबडताना आणलं. साखर ४६. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या ओळखू लागल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी तेच औषध वेगळ्या नावाने दिलं होतं आणि आजी दोन्ही घेत होत्या. सिस्टरनी ती स्ट्रिप पिशवीत पाहिली होती. तेच त्या मला सांगायला आल्या होत्या.

मी चिडून विचारलं, “मग बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही घाईत असलात की मला शब्दच सुचत नाहीत.”

सिस्टर एस की सी, मला माहीत नाही. त्यांची टेस्ट मी घेतलेली नाही. पण माझ्या झटपटपणाची किंमत त्या आजी मोजता मोजता वाचल्या, एवढं त्या दिवशी नीट दिसलं. सिस्टरना ‘धीट व्हा’ सांगणं सोपं होतं. त्यांचा स्वभाव एका वाक्याने बदलणार नव्हता आणि पगार मी देतो, त्यामुळे वागणं आधी मीच बदलायला हवं होतं. आम्ही एक शब्द ठरवला. सिस्टर “सर, थांबा” म्हणाल्या की मी पेन खाली ठेवायचं, कितीही गर्दी असो. शिवाय प्रत्येक पेशंटची पिशवी टेबलावर रिकामी करूनच औषध लिहायचं. कंपाउंडरशी उलटं. ते बोलके, पाल्हाळ लावणारे. त्यांना सांगितलं, आधी पेशंटला काय होतंय ते एका वाक्यात, बाकी चहाच्या वेळी.

माणसाचा कल ओळखून काम देणं आपल्या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. अंशतः रंगांधळेपणा. रंग सुटले, पण ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. तिथली माणसं पाहा. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कामात चमकले, मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले, आणि दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोघांकडे वसाहतीची राखण दिली होती. आजच्या फॉर्मवर त्या दोघांचा टाइप काय आला असता कोण जाणे. लक्ष्मणरावांनी माणूस पाहिला आणि काम देऊन पाहिलं.

त्या तरुणाला मी म्हणालो, रिपोर्टमधली अक्षरं विसर. तुला साहेबांकडून काय हवं, ते एका ओळीत सांग. तो म्हणाला, “मीटिंगआधी मुद्दे मिळावेत. आयत्या वेळी विचारलं की मला बोलता येत नाही.” मग तेवढंच त्यांना जाऊन सांग, म्हटलं. त्यांना काय हवं तेही विचार. बहुधा त्यांना पाच पानी मेल नको, चार ओळी हव्या असतील.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अशा टेस्टवरून कुणाची निवड किंवा बढती ठरत असेल तर ते चूक आहे. मायर्स-ब्रिग्जवाले स्वतःच नोकरभरतीसाठी ती वापरू नका म्हणतात. आणि दोन आठवड्यांच्या वर मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, जगणं नकोसं होणं हा ‘टाइप’ नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे या, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोला.

परवा त्याचा फोन आला. मुद्दे आदल्या संध्याकाळी मिळू लागलेत, झोप सुधारलीय. साहेब अजून भरभर बोलतात. घरी मोजलेलं बीपी १४०/९० च्या आसपास आहे, म्हणून मीठ कमी, रोज अर्धा तास चालणं आणि महिन्याने पुन्हा भेटायचं ठरलंय.