दहा माणसं, एक बोट आणि आईचे गुडघे

मेअखेरीस भूमध्य समुद्रात आठवडाभर बोटीवर राहायचं, एवढं आमचं एकमताने ठरलं. त्यानंतर आजतागायत घरात कशावरही एकमत झालेलं नाही. माणसं दहा. आम्ही चौघं लंडनची, दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं बंगळूरची, आणि पुण्याहून आई-बाबा. निमित्त बाबांच्या ऐंशीचं.

नवऱ्याने शिडाची बोट चालवायचा कोर्स केलाय, त्यामुळे त्याचं मत अर्थातच ग्रीस. त्यातही पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र. लेफ्कादाहून निघायचं, मेगानिसी, इथाका, केफालोनिया करत परत यायचं. बेटं जवळजवळ, वारा बहुधा दुपारी सुटतो आणि संध्याकाळी पडतो. (एजियनमधल्या सिक्लाडिस बेटांचं नाव त्यानेच आधी खोडलं. तिथला मेल्तेमी वारा उन्हाळ्यात दिवसेंदिवस थांबत नाही म्हणे.) ओडिसियसला जिथे पोचायला दहा वर्षं लागली ते इथाका बघायचा मोह मलाही होताच. दादाला क्रोएशिया हवं होतं: स्प्लिट, ह्वार, विस. कारण विचारलं तर ऑफिसातल्या कुणाचे तरी फोटो!

आई म्हणाली, "तुम्ही जा. मी लंडनला घर सांभाळते."

हे वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. रायगडाच्या पायथ्याशी पिशव्यांजवळ बसलेली आई मला लहानपणापासून पाठ आहे. तेव्हा तर तिचे गुडघे धडधाकट होते, सामानापाशी कुणीतरी बसायला हवं होतं एवढंच. या वेळी मात्र तिला काठावर बसवून जायचं नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं आणि बेटांचे फोटो बघणं सोडून जिने बघायला लागले.

शिडाच्या बोटीवर खोल्या आणि संडास खाली असतात. उतरायची पायरी म्हणजे जवळजवळ शिडीच. दिवसातून सहा वेळा. वर तो संडास बऱ्याचदा हातपंपाचा! धक्क्याला लागताना बोट नांगर टाकून मागे मागे नेतात आणि मग मागच्या बाजूने एका अरुंद फळीवरून उतरायचं. बाबांना यात काहीच वाटेना. त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकणबोट जैतापूरला समुद्रातच उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. "फळी तरी आहे की," म्हणाले. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नसते.

मग तुर्कस्तान पुढे आलं. तिथे गुलेट नावाच्या रुंद लाकडी बोटी असतात. कप्तान, खलाशी, स्वयंपाकी सगळे त्यांचेच. जिना तिथेही आहे, पण आम्ही फोटो मागवला त्या बोटीवर तो रुंद आहे आणि धरायला कठडा आहे. फेथियेचं आखात वाऱ्यापासून बरंच आडोशाला. गोचेकच्या आसपास पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत आलेली, आणि खाडीत नांगर टाकून दोर किनाऱ्याला बांधला की आईला हलायची गरज नाही. एकदा चढायचं, एकदा उतरायचं. बाकीच्यांनी हवं तिथे पोहावं.

व्हिसाचंही गणित इथेच सुटलं. क्रोएशियाही २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे दोन्हीकडे सहा जणांना ब्रिटनच्या व्हिसावर आणखी एक व्हिसा काढणं आलं. हातात ब्रिटनचा चालू व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा सध्या घरबसल्या मिळतो. आणि खाणं! ऑलिव्ह तेलातली भेंडी, फरसबी, वांगी, दही, आणि आयरान म्हणजे आपलं ताकच.

नवरा चार दिवस गप्प होता. गुलेट बहुतेक वेळ इंजिनावरच चालते आणि सुकाणू त्याच्या हाती कोण देणार? त्याचं वाईट वाटतं मला, खरंच. शेवटी कप्तानाकडून एक दिवस शिडं उभारायचं कबूल करून घेतलंय. इथाका आम्ही दोघं पुढे कधीतरी करू, फळीवरून.

आगाऊ रक्कम रविवारी भरायची आहे. आईने अजून "येते" असं म्हटलेलं नाही. काल फोनवर फक्त विचारत होती, त्या बोटीवरच्या आचाऱ्याकडे जिरं असतं का.