मुलीला डोंगर चढू द्या

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते. डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून चालत आलेल्या, साठी उलटलेल्या बायकांच्या आपण पाया पडतो, त्यांना पिठलं-भाकरी वाढतो. पण घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीने शाळेच्या पदभ्रमणाचं नाव काढलं, की लगेच म्हणतो, "झेपणार का तुला?" गंमतच आहे की नाही?

आणि डोंगर काही लांब नाही. गावापासून वीसेक किलोमीटरवर शिखर शिंगणापूर. चैत्रातल्या यात्रेत शंभू महादेवाच्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने, माणसांची साखळी करून वर नेतात. एरवी आपण मात्र गाडीने वर जातो, दर्शन घेतो, मालोजीराजांनी बांधलेला तलाव पाहतो आणि जेवायला घरी. डोंगर पायाखाली येतच नाही.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गात ओढणी सावरत मागच्या बाकावर बसणारी मुलगी चढणीवर पुढे होते, दुसरीला हात देते, पाणी पुरवून पिते. आपलं शरीर म्हणजे नुसती लपवायची वस्तू नाही, ते आपल्याला वर नेतं, हे तिला तिथे कळतं. आणि नेमक्या याच वयात आपण तिचं खेळणं बंद करतो! हाडं बळकट होण्याचं वय हेच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी तासभर तरी दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या शेजारच्या साताऱ्याची प्रियांका मोहिते 2013 साली एव्हरेस्टवर पोचली; 2021 मध्ये अन्नपूर्णा शिखर चढणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. सगळ्याच मुलींनी हिमालय गाठावा असं नाही, पण घरामागचा डोंगर तरी ओळखीचा असावा!

तुमची काळजी खोटी नाही. म्हणून आधी विचारा: सोबत शिक्षिका आहेत ना? वाट माहीत असलेला माणूस, प्रथमोपचाराची पेटी? आडोशाची सोय? ऊन तापण्याआधी चढण संपेल ना? पावसाळ्यातल्या निसरड्या वाटा टाळा. थंडीचे दिवस उत्तम. सामान थोडंच: पायात रुळलेले बूट (नवे नकोत), दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी आणि जास्तीचे पॅड. पाळी आली म्हणून नाव काढू नका; त्रास नसेल तर खुशाल जाऊ द्या.

उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन ती परक्या गावी जाईल. तिथे वाट विचारायची, थकल्यावर थांबायचं, पुन्हा उठायचं, हे तिला यायला हवं ना?

तेव्हा शाळेची चिठ्ठी आली, तर "बाबांना विचार" म्हणून टाळू नका. सही आईचीही चालते!